एक बादली गरम पाणी

बालमित्रांनो, थंडी कशी काय? पहाटे पांघरुणातून बाहेर यायला नको वाटतं ना? तुमच्यातले काही शूरवीर थंड पाण्यानंच आंघोळ करत असतील. त्यांना आमचा दुरून नमस्कार! बाकीच्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, एक बादली गरम पाणी लागतंच. आमच्या भंडारा जिल्ह्यात आंघोळीला ‘आंग धुणं’ म्हणतात. सकाळी घराघरांतून हाक ऐकू येते, “पाणी तपलं, आंग धुवाले ये!”

आज त्या एका बादलीचा हिशोब मांडू या. ती कशावर तापली? किती उष्णता लागली? त्यातली किती वाया गेली? आणि तुमच्या घरी गरम पाण्याची नवी सोय करायची ठरली, तर कोणती करावी? “सर, हे मोठ्यांचं काम!” असं म्हणू नका. पैसे मोठे देतील, पण गणित तुम्ही करून देऊ शकता. गुणाकार-भागाकार येतो ना? मग झालं तर!

आमचं आंबागड तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेपाशी आहे. इ. स. १७००च्या सुमारास बांधलेला किल्ला डोंगरावर आहे आणि भोवती जंगल. परवा वर्गात मी विचारलं, “घरी गॅस कोणाकोणाकडे आहे?” भराभर हात वर झाले. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांत पुष्कळ घरी सिलिंडर पोचले. मग मी विचारलं, “आंघोळीचं पाणी गॅसवर कोणाकडे तापतं?” सगळे हात खाली! एक मुलगी उठून म्हणाली, “माय म्हणते, पाणी गॅसवर तपवलं तर सिलिंडर महिना नाही पुरत जी.”

माय बरोबर सांगते का? चला, वही उघडा.

एक लिटर पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे. समजा, बादली २० लिटरची. रात्रभर बाहेरच्या टाकीत राहून पाणी झालं १५ अंश. आपल्याला हवं ४० अंश. म्हणजे २५ अंश वाढवायचे.

२० × २५ = ५०० किलोकॅलरी.

ही झाली आपल्या एका बादलीची किंमत. कोणत्याही यंत्रावर तापवा, पाण्याला एवढी उष्णता द्यावीच लागते. फरक पडतो तो गळतीत. पाण्यात पोचलेली उष्णता आपली. भांड्याच्या बाजूनं, धुरातून, वाफेतून निसटलेली वाया.

आता गॅसचं पाहू. एक किलो गॅस जळला की साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात. चांगल्या शेगडीवर त्यातला दोन तृतीयांश भाग भांड्यात जातो. म्हणजे आपल्या बादलीला सुमारे ६८ ग्रॅम गॅस लागला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात तापतील साधारण २०८ बादल्या. घरात पाच माणसं, रोज पाच बादल्या, तर २०८ ÷ ५ = जवळजवळ ४२ दिवस. हा नुसता आंघोळीचा हिशोब! त्याच सिलिंडरवर वरण-भात आणि भाजीही करायची म्हटल्यावर तो महिनाभर कसा पुरेल? बघा, माय वहीत न मांडताही अगदी बरोबर हिशोब सांगते.

म्हणून झालंय असं, की स्वयंपाक गॅसवर आला, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच राहिलं. सांदवाडीत तीन दगड मांडायचे, त्यावर मोठा गंज चढवायचा आणि खाली जाळ घालायचा.

या तीन दगडांच्या चुलीचं गणित करा. एक किलो वाळलेलं लाकूड साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं. पण उघड्या चुलीत १०० भागांतले जेमतेम १० ते १५ भाग पाण्यात पोचतात. बाकीची उष्णता वाऱ्यावर, धुरातून, दगडांत आणि जमिनीत जाते. १० भाग धरले तर एका किलोचे ३५० किलोकॅलरीच कामी आले. आपल्याला हवेत ५००. म्हणजे एका बादलीला जवळजवळ दीड किलो लाकूड! पाच बादल्यांना रोज सात किलो. डोक्यावरून आणलेली वीस-पंचवीस किलोंची मोळी तीन दिवसांत संपली.

“पण सर, जंगलातलं जळतण तर फुकट असते!” असं मला नेहमी सांगितलं जातं. फुकट? मोळी कोण आणतं, ते आठवा बरं. बहुतेक घरांत आई, काकू नाहीतर आजी. मान दुखते, तळपायाला काटे मोडतात, अर्धा दिवस जातो. पहाटे जाळ घालायला कोण बसतं? पुन्हा आई, नाहीतर मोठी ताई. धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि ताईचा अभ्यासाचा तास चुलीपाशी जातो. आमच्या भंडारा-गोंदियाच्या भागात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाला. पूर्व विदर्भातल्या जंगलांत वाघ आहेत, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण सरपणाला, मोहफुलाला गेलेल्या माणसांवर वाघानं हल्ला केल्याच्या बातम्याही आपण वाचतो. सरपण गोळा करताना माणूस वाकलेला असतो, लक्ष काड्यांकडे असतं. त्यात वाघाचा दोष नाही आणि त्या बाईचाही नाही. पण जंगलातली खेप एकानं कमी झाली तर धोकाही तेवढा कमी होतो. म्हणजे बघा, आपली बादली कशावर तापते, हा नुसता पैशांचा प्रश्न राहिला नाही.

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात हे ओळखून एक काम झालं आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट या संस्थेच्या लोकांच्या ध्यानात आलं, की गॅस आलेल्या घरांतही पाणी तापवायला लाकूड लागतंच. मग त्यांनी काय दिलं असेल? परदेशी यंत्र? छे! त्यांनी दिला बंब! आजीच्या काळातल्या तांब्याच्या बंबाचाच सुधारलेला भाऊ. उपक्रमाचं नाव ‘हीटर ऑफ होप’, म्हणजे आशेचा बंब.

बंबात असं काय विशेष आहे? चुलीवर जाळ भांड्याच्या खाली असतो आणि बाजूनं पळून जातो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातच! मधोमध उभी नळी, नळीत जाळ, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. उष्णता जाणार कुठं? नळीच्या भिंतीतून पाण्यातच. खाली जाळी असते, तिच्यातून राख पडते आणि हवा आत येते. वरच्या धुराड्यातून धूर माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. चुलीला लागतं त्याच्या निम्म्या जळतणात काम भागतं. दुसरा फायदा तर त्याहून मोठा. बंबाला मोठी लाकडं लागतच नाहीत. तुराट्या, वाळक्या काड्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या, काहीही चालतं. हे सगळं घराच्या आणि बांधाच्या आसपास मिळतं. जंगलात जायची गरजच कमी. आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे, त्यामुळे धातूच्या भांड्याचं मोल आम्हाला वेगळं सांगायला नको. फक्त एक लक्षात ठेवा, पाणी भरल्याशिवाय बंबात जाळ घालायचा नाही. सांधे उकलतात आणि बंब गळू लागतो.

आता विजेकडे वळू. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पाण्यात बुडवायच्या रॉडची उष्णता जवळजवळ सगळीच पाण्यात जाते. ५०० ÷ ८६० = ०.५८, म्हणजे एका बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. १,५०० वॅटचा रॉड असेल तर २३-२४ मिनिटांत बादली तयार. वा! गळतीच नाही! पण थांबा. ही गळती आपल्याला दिसत नाही, कारण ती आपल्या घरात होतच नाही. आमच्याजवळच तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा जाळून वीज करताना कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वाटेतच जाते. आपण घरी एक बादली तापवली, तर तिकडे एका बादलीहून जास्त उष्णता वाया गेलेली असते!

रॉड स्वस्त असतो खरा, पण त्याला जपून राहा. मुलांनी एकट्यानं रॉड लावायचाच नाही. लोखंडी बादलीत तर मुळीच नाही. पाणी तापलं का, हे बोट बुडवून बघायचं नाही. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच बादलीला हात. हे घरातल्या लहान भावंडांनाही पाठ करायला लावा.

गिझर घ्यायचा असेल तर त्यावरच्या ताऱ्यांचं लेबल बघा. तापलेलं पाणी टाकीत ठेवल्यावर किती उष्णता गळते, त्यावरून तारे मिळतात. जास्त तारे म्हणजे कमी गळती. चार माणसांच्या आंघोळी एकामागून एक उरकल्या तर गिझर पुन्हा पुन्हा तापवावा लागत नाही. आणि दिवसभर गिझर चालू ठेवणं म्हणजे कोणी पाहुणा येईल म्हणून दिवसभर चहा उकळत ठेवण्यासारखं आहे!

‘हीट पंप’ नावाचंही एक यंत्र मिळतं. फ्रिजच्या मागं हात धरून पाहा, गरम लागतं ना? फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. त्याला एक युनिट वीज दिली तर पाण्याला साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. पण तो महाग असतो. जिथं रोज शेकडो लिटर पाणी तापवावं लागतं, अशा वसतिगृहांना आणि हॉटेलांना तो परवडतो.

गॅसचा गिझरही मिळतो. तो झटपट पाणी देतो आणि शेगडीपेक्षा कमी गॅस खातो. पण त्याच्याबाबत एक गोष्ट अगदी गंभीरपणे सांगतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर कधीही लावू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. माणसाला आधी गुंगी येते आणि कळायच्या आत प्राण जातो. गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा. तुमच्या किंवा नातेवाइकांच्या घरी तो आत असेल तर आजच मोठ्यांना सांगा. पेटलेली शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणंही तितकंच घातक असतं, हेही सांगा.

आता राहिला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा जाळ. कोणता? सूर्य! उन्हाळ्यात शेतातल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हातावर घेतलंय कधी? चटका बसतो ना? सौर बंबाचं मूळ तेच. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प नावाच्या माणसानं १८९१ साली सौर बंबाचं पेटंट घेतलं होतं. इस्राएलनं १९८० साली कायदाच केला, की नव्या घरांवर सौर बंब हवाच.

हल्लीच्या सौर बंबात काचेच्या दुहेरी नळ्या असतात. दोन काचांच्या मधली हवा काढून टाकलेली असते, थर्मासमध्ये असते तशी. आतली काच काळसर, ती ऊन पिऊन घेते. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि थंड पाणी खाली नळीत उतरतं. पंप नको, वीज नको. टाकीला बाहेरून जाड आवरण असतं, गोधडीसारखं. त्यामुळे दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी गरम मिळतं.

पण सूर्य पुरेल का? पुन्हा गणित! आपल्याकडे निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. रोज १०० लिटर पाणी तापवणाऱ्या बंबाचा ऊन झेलणारा भाग सुमारे २ चौरस मीटर असतो. म्हणजे १० युनिट आली. त्यातली निम्मी पाण्यात गेली असं धरा. ५ × ८६० = ४,३०० किलोकॅलरी. एका बादलीला ५००, म्हणजे आठ बादल्या सहज! पाच जणांचं घर आरामात न्हाऊन निघालं. धूर नाही, मोळी नाही, सिलिंडर नाही.

मग सगळ्यांनी सौर बंबच घ्यावा का? तिथंच तर विचार करायचा. तो विकत घेताना एकदम मोठी रक्कम लागते. पावसाळ्यात ढग आले की दुसरी सोय लागते. त्याच्या टाकीहून उंचावर थंड पाण्याची टाकी हवी. १०० लिटर पाण्याचं वजनच १०० किलो, ते कवेलूच्या छपराला पेलणार नाही. त्यासाठी सिमेंटचं छत हवं, नाहीतर अंगणात मजबूत चौथरा. तोंड दक्षिणेकडे हवं, आणि समोर चिंचेची किंवा आंब्याची सावली नको. आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, ती दुकानदार सांगत नाही. माकडं! काचेच्या नळ्यांवर टोळी उतरली तर काय होईल, ते मी सांगायला नको. जाळी बसवून घ्यावी लागते.

म्हणून दुकानातली जाहिरात बघून ठरवायचं नाही. आपल्या घराला चार प्रश्न विचारायचे. रोज किती बादल्या लागतात? उष्णता कुठून येते? किती गळते? आणि हे सगळं करताना कष्ट कोणाचे आणि धोका कोणाला? चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. तुम्ही विचारा.

उत्तरं घरोघरी वेगळी येतील. सिमेंटचं छत, नळाचं पाणी आणि पाच-सहा माणसं असतील तर सौर बंबाचा खर्च काही वर्षांत भरून निघतो. कवेलूचं घर, अंगण आणि शेतातला काडीकचरा असेल तर चांगला बंब. शहरात दोन माणसांचं घर आणि छतावर हक्क नाही, तर जास्त ताऱ्यांचा लहान गिझर.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर? तरीही उद्यापासून तीन गोष्टी करता येतात, अगदी फुकट.

पहिली, गंजावर झाकण. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे उघड्या गंजातून लिटरभर वाफ उडाली, की एका अख्ख्या बादलीची उष्णता आकाशात गेली!

दुसरी, ताजं पाणी. विहिरीचं आणि हातपंपाचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, कारण जमिनीच्या पोटात थंडी पोचत नाही. सकाळी ताजं काढलेलं पाणी २५ अंश असेल तर फक्त १५ अंश वाढवायचे. २० × १५ = ३००. पाचशेच्या जागी तीनशे! रात्री भरून उघड्यावर ठेवलेलं पाणी थंड होतं आणि मग आपण ते पुन्हा तापवत बसतो.

तिसरी, जळतण वाळवून वापरायचं. ओलं लाकूड आधी स्वतःच्या पोटातलं पाणी तापवतं, मग आपलं. धूर जास्त, जाळ कमी.

आठवी-नववीतल्या दोस्तांसाठी एक जास्तीचं गणित. सौर बंबात ६० अंशांचं पाणी आहे, नळाचं पाणी १५ अंशांचं. २० लिटर पाणी ४० अंशांचं हवं, तर दोन्ही किती किती घ्याल? (आधी सोडवा, मग पुढं वाचा! उत्तर: सुमारे ११ लिटर गरम आणि ९ लिटर थंड.)

आणि आता सगळ्यांसाठी या आठवड्याचा उद्योग. वहीत चार रकाने आखा: वार, किती बादल्या, कशावर तापल्या, आणि पाणी कोणी तापवलं. सात दिवस नोंद ठेवा. चुलीवर तापत असेल तर सकाळी जळतण ताणकाट्यानं मोजून घ्या. मग एक दिवस गंजावर झाकण ठेवून, ताजं पाणी घेऊन पुन्हा मोजा. रविवारी ती वही घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा. चौथ्या रकान्यात सातही दिवस एकच नाव आलं असेल, तर दुसरं नाव कोणाचं घालता येईल, तेही तिथंच बसून ठरवा. तुमचं स्वतःचं चालेल! पण विस्तवाजवळ घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या.

तुमचे तक्ते पाठवायला विसरू नका. वाट बघतोय.

तुमचे सर, आंबागड